गाण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? घेण्याआधी वाचा



गणेशोत्सवाच्या आधी महिना-दीड महिना आम्हाला हमखास तीन प्रकारचे फोन येतात. पहिला: "मुलींच्या नाचासाठी दोन गाणी जोडून हवी आहेत, कशात करू?" दुसरा: "आई सहा महिन्यांसाठी आली आहे, तिची भजनं रेकॉर्ड करून ठेवायची आहेत." आणि तिसरा: "चिरंजीव बीट्स करणार म्हणतात, सॉफ्टवेअरला दोनशे डॉलर मागतायत, देऊ का?" तिघांनाही एकच उत्तर दिलं तर किमान दोघांचं नुकसान होतं. म्हणून हा लेख. 'आम्ही' म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था सांभाळणारे दोघे-तिघे. पोटापाण्याला आयटी, हौसेला पेटी-तबला.

या सॉफ्टवेअरना इंग्रजीत 'डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन' म्हणतात आणि लाडाने 'डॉ'. हा डॉ औषध देत नाही, उलट याचीच लागण होते! असो. तुलना करण्याआधी आमची एक चूक सांगतो, कारण ती सगळ्या तुलनेपेक्षा महत्त्वाची आहे.

आमची चूक

आमच्यापैकी एकाची आजी काही वर्षांपूर्वी इथे राहायला आली होती. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ. आठ दिवस रोज दुपारी तिला माइकसमोर बसवलं. माइकच्या यंत्राबरोबर एक छोट्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर फुकट आलं होतं, त्यात सगळं रेकॉर्ड केलं. तुकडे कापले, क्रम लावला, माहेरच्या ओव्या एकीकडे, भावाच्या एकीकडे, पंढरीच्या एकीकडे. परवान्याची नोंदणी मात्र ऑफिसच्या ईमेलवर केली होती. नोकरी बदलली, ईमेल गेला, पुढे लॅपटॉपही बदलला. नव्या लॅपटॉपवर परवाना काही चालू होईना आणि प्रोजेक्ट उघडेना.

आवाज गेला नव्हता. फोल्डरमध्ये 'ऑडिओ ०१', 'ऑडिओ ०२' अशा नावांच्या वेव्ह फाइली सापडल्या. पण त्या सगळ्या कच्च्या. लावलेला क्रम, केलेली निवड, कोणती ओवी कोणत्या ओवीनंतर, हे सगळं त्या न उघडणाऱ्या प्रोजेक्टमध्ये. आणि पुन्हा विचारायला तोवर आजी राहिली नव्हती.

तात्पर्य: सॉफ्टवेअर बदलता येतं, आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून निवडताना पहिला प्रश्न 'यात सोयी किती?' हा नसून 'माझं काम यातून बाहेर कसं काढता येईल?' हा आहे.

आधी काम ठरवा

घरगुती कामं साधारण चार प्रकारची असतात.

१. एकच आवाज टिपणं. आजीच्या ओव्या, बाबांच्या आठवणी, मुलांचं पाठांतर, नाटकाचं वाचन. एक माइक, एक ट्रॅक.

२. तयार गाणी कापणं-जोडणं. नाचाचे कार्यक्रम, सूत्रसंचालनाच्या मागचं संगीत.

३. अनेक ट्रॅकचं गाणं. गायक, पेटी, तबला, तानपुरा वेगवेगळे रेकॉर्ड करून नंतर एकत्र मिसळणं. भावगीत, अभंग, मंडळाचं स्वागतगीत इथे येतं.

४. संगणकातूनच वाद्यं वाजवणं. म्हणजे कीबोर्ड जोडून किंवा पडद्यावर स्वर मांडून. तुमच्या चिरंजीवांचे बीट्स ते हेच.

तिसरं आणि चौथं यातला फरक नीट समजून घ्या. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणजे फोटो. मिडी म्हणजे स्वरलिपी: कोणता स्वर, कधी, किती जोरात, एवढंच त्यात लिहिलेलं असतं आणि वाद्य संगणक पुरवतो. मिडीची पट्टी किंवा लय कितीही बदला, काही बिघडत नाही. रेकॉर्ड केलेल्या आवाजाची पट्टी एक-दोन स्वर सरकवली तर खपून जातं. काळी एकमध्ये गायलेलं गाणं काळी चारला नेलंत, तर गायक कार्टूनमधला वाटायला लागतो.

आता एकेक सॉफ्टवेअर

ऑडॅसिटी. २००० सालापासून उपलब्ध असलेलं, विनामूल्य, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. पहिल्या आणि दुसऱ्या कामाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. यातली 'लेबल' ही सोय फार उपयोगी. तासभराचं सलग रेकॉर्डिंग करा, जिथे नवी ओवी किंवा भजन सुरू होतं तिथे खूण करून मराठीत नाव द्या, आणि शेवटी प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल एकदम काढून घ्या. आम्हाला हे वेळीच माहीत असतं तर! मिडीची वाद्यं वाजवायला मात्र हे नाही. २०२१ मध्ये ते म्यूझ ग्रुपकडे गेलं तेव्हा माहिती गोळा करण्याच्या धोरणावरून बरीच ओरड झाली होती, पण सॉफ्टवेअर अजूनही मुक्त आहे. अधिकृत जागेवरूनच उतरवून घ्या.

गॅरेजबँड. ॲपलने २००४ मध्ये आणलं. मॅक, आयफोन आणि आयपॅडवर विनामूल्य. घरात मॅक असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या कामाची सुरुवात इथूनच करा, पैसे खर्च करू नका. दहा-बारा वर्षांचं मूल एका दुपारीत शिकतं. उणीव एकच: विंडोजवर नाही आणि अँड्रॉइडवरही नाही, त्यामुळे दुसऱ्या गावच्या पेटीवाल्याकडे विंडोज असेल तर प्रोजेक्ट त्याला देता येत नाही.

लॉजिक प्रो. गॅरेजबँडचा मोठा भाऊ. मॅकवर सुमारे दोनशे डॉलर एकदाच भरून मिळतं. गॅरेजबँडचं प्रोजेक्ट यात थेट उघडतं, म्हणून आधी धाकट्यावर हात बसवा आणि अडायला लागलं की थोरल्याकडे जा.

रीपर. विनॅम्प आठवतंय? तेच करणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचं हे सॉफ्टवेअर, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं. साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, कोणतीही सोय बंद ठेवलेली नसते. सवलतीचा परवाना ६० डॉलर, व्यावसायिक २२५ डॉलर. सवलत वैयक्तिक वापरासाठी आहे, तशीच ना-नफा संस्थांनाही आहे, म्हणजे बऱ्याच महाराष्ट्र मंडळांना ती लागू होईल. जुन्या लॅपटॉपवरही पळतं. तिसऱ्या कामाला विंडोजवाल्यांना आम्ही हेच सुचवतो. तोटा: दिसायला रुक्ष, आणि सोबत वाद्यांचा खजिना जवळजवळ नाही. तबल्याचे आवाज हवे असतील तर ते वेगळे आणावे लागतात.

क्यूबेस. जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीचं, १९८९ पासूनचं. आज सगळीकडे चालणारी व्हीएसटी ही जोड-वाद्यांची पद्धत याच कंपनीने १९९६ मध्ये आणली. मिडी आणि स्वरलेखनात ताकदवान. पूर्वी यासाठी यूएसबीची एक किल्ली कायम लावून ठेवावी लागे, २०२२ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती गेली. यामाहा आणि स्टाइनबर्गच्या अनेक यंत्रांबरोबर छोटी आवृत्ती मोफत येते, घरात आधीच पडली आहे का बघा.

एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं, मूळ नाव फ्रूटीलूप्स. बीट्सचा राजा. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट, हा मोठा गुण. चिरंजीव याचाच हट्ट धरणार. दोन गोष्टी तपासा: चाचणी आवृत्तीत साठवलेलं काम विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, आणि वेगवेगळ्या किमतीच्या आवृत्त्यांत माइकवरून रेकॉर्डिंगची सोय सारखी नसते. गायचंही असेल तर कंपनीचा तुलनेचा तक्ता वाचून मगच पैसे भरा.

एबलटन लाइव्ह. बर्लिनचं, २००१ पासूनचं. तुकडे मंचावर जिवंत जुळवून वाजवण्यासाठी बनवलेलं, म्हणून डीजे मंडळींचं आवडतं. ढोल-ताशा पथकाबरोबर तयार तुकडे वाजवायचे असतील तर उत्तम. नुसत्या भावगीतासाठी हे घेणं म्हणजे वरण-भाताला काटा-चमचा.

प्रो टूल्स. व्यावसायिक स्टुडिओत सर्वांत जास्त भेटणारं. मुलाला पुढे ध्वनिअभियांत्रिकी शिकायची असेल तर ओळख असावी. 'इंट्रो' नावाची विनामूल्य आवृत्ती आहे, त्यात आवाजाचे आठ ट्रॅक मिळतात. घरच्या कामाला याचं मासिक किंवा वार्षिक भाडं भरण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही.

बँडलॅब. ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालणारं, विनामूल्य. नागपूरचा तबलजी आणि इथला गायक यांना एकाच गाण्यावर काम करायचं असेल तर सोयीचं. पण सगळं काम दुसऱ्याच्या संगणकावर राहतं, हे विसरू नका.

आपलं संगीत आणि यांची चौकट

ही सॉफ्टवेअर पाश्चात्त्य संगीत डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. आपल्याला तीन ठिकाणी अडतं.

पट्टी: पडद्यावर काळी-पांढरी दिसत नाही. म्हणून हे कागदावर लिहून भिंतीला लावा. पांढरी एक सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी.

ताल: उघडल्या उघडल्या सगळी सॉफ्टवेअर चार-चारचा हिशेब धरतात. केरवा आणि तीनताल त्यात बसतात, तीनताल म्हणजे चार-चारच्या चार ओळी. दादऱ्याला सहा, रूपकला सात, झपतालाला दहा मात्रांचा माप द्या. विलंबित लयीला एक युक्ती: मात्रा मिनिटाला १५ पडत असेल तर सॉफ्टवेअरला ६० सांगा आणि प्रत्येक मात्रा चार ठोक्यांची धरा. क्लिक ऐकत गाणं सोपं जातं. आणि आलाप किंवा ओवी असेल तर क्लिक आणि चौकट दोन्ही बंद करा. ओवीची लय जात्याची असते, मेट्रोनोमची नव्हे.

मींड: स्वर 'दुरुस्त' करण्याची सोय लॉजिक, क्यूबेस, रीपर अशा अनेकांत आहे. ती बारा स्वरांच्या खाच्यात आवाज ढकलते. भैरवातला आंदोलित कोमल रिषभ किंवा दरबारीचा गंधार तिला चूक वाटतो आणि ती तो 'सरळ' करते. पूर्ण गाण्यावर ही सोय लावू नका. एखादा स्वर खरंच घसरला असेल तर तेवढाच हाताने उचला, किंवा सरळ ती ओळ पुन्हा गाऊन घ्या.

तानपुरा शक्यतो वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. गायकाच्या कानात हेडफोनमधून तो वाजू द्या आणि माइकमध्ये फक्त गळा येऊ द्या. तानपुरा गळ्यात मिसळला की नंतर कुठेही कापता येत नाही, कापल्याची जागा लगेच कळते.

सॉफ्टवेअरपेक्षा जास्त फरक पडतो तो इथे

चारशे डॉलरचं सॉफ्टवेअर आणि लॅपटॉपचा अंगचा माइक, ही जोडी आम्ही पुष्कळ घरांत पाहिली. उलट करा. दोन माइक जोडता येतील असं साधं यूएसबी इंटरफेस, एक बरा माइक, तारेचा हेडफोन आणि मोफत सॉफ्टवेअर. ब्लूटूथचा हेडफोन रेकॉर्डिंगला नको, त्यात आवाज उशिरा पोचतो.

उशिराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने असतील आणि बफर १,०२४ असेल, तर एका वेळेला सुमारे २१ मिलिसेकंद उशीर. १२८ ठेवला तर तीनच्याही आत. गाताना बफर लहान ठेवा, नंतर मिश्रण करताना मोठा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आठवणीने बसवा, नाहीतर सॉफ्टवेअरला उगीच शिव्या बसतात.

खोली कोणती? आमचा अनुभव, कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली. कपडे आणि गाद्या घुमणारा आवाज शोषून घेतात. हीटर, एसी, पंखा बंद. आवाजाची पातळी सर्वांत जोरात गाताना उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. कमी आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

कंपन्या येतात आणि जातात

केकवॉक हे १९८७ पासून चालत आलेलं नाव. विंडोजवाल्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या सोनार सॉफ्टवेअरवर काम केलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालक कंपनी गिब्सनने त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते उचललं आणि मोफत वाटलं. २०२३ मध्ये त्यांनीच पुढचं सोनार जाहीर केलं. शेवट गोड झाला, पण ते तीन महिने वापरणाऱ्यांनी कसे काढले असतील! त्याआधी २००२ मध्ये ॲपलने लॉजिक करणारी ईमॅजिक कंपनी घेतली आणि लॉजिक विंडोजवर बंद झालं. ज्यांचं सगळं काम विंडोजवर होतं त्यांनी करायचं काय?

कोणती कंपनी टिकेल हे तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. म्हणून गाणं संपलं की त्याच दिवशी ही पाच कामं करा:

१. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होईल अशा वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढा. अशा फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतात.

२. संपूर्ण मिश्रणाचीही एक वेव्ह फाइल ठेवा. एमपी३ पाठवायला चांगली, जपायला नाही.

३. मिडी वापरलं असेल तर मिडी फाइलही वेगळी काढा.

४. एक साधी टेक्स्ट फाइल: कोण गायलं, कधी, कुठे, पट्टी, ताल, मिनिटाला किती ठोके, शब्द, तुकड्यांचा क्रम. आमचं नेमकं हेच राहिलं होतं.

५. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. एक घरी, एक भारतात भावाकडे किंवा क्लाउडवर. आणि परवान्याची नोंदणी स्वतःच्या ईमेलवर, ऑफिसच्या नव्हे!

जागेची काळजी करू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साडेआठ-पावणेनऊ एमबी होतं. तासाचे साधारण ५२० एमबी. आजीचा आठवडाभराचा आवाज एका छोट्या पेनड्राइव्हमध्ये मावतो.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं

आजी-आजोबांचा आवाज, पाठांतर, नाचाची गाणी जोडणं: ऑडॅसिटी. पैसे शून्य.

मॅक किंवा आयपॅड आहे आणि गाणं करायचं आहे: गॅरेजबँड. वर्षभर वापरून अपुरं पडलं तर लॉजिक.

विंडोज आहे आणि गायक, पेटी, तबला असं गाणं करायचं आहे: रीपर. मंडळासाठीही हेच.

चिरंजीवांचे बीट्स: आधी दोन महिने मोफत काहीतरी, बँडलॅब किंवा गॅरेजबँड. दोन गाणी पूर्ण करून दाखवली तर एफएल स्टुडिओ बक्षीस. दोनशे डॉलर आधी नाही, नंतर.

मंचावर जिवंत वाजवणं: एबलटन लाइव्ह. मिडी आणि स्वरलेखनाची आवड: क्यूबेस.

आणि ज्यांच्याकडे या उन्हाळ्यात आई, सासूबाई किंवा आजी येणार आहेत त्यांनी या यादीवर फार वेळ घालवू नये. फोनवर रेकॉर्ड केलेला आवाजसुद्धा न केलेल्या आवाजापेक्षा लाखपट चांगला. फोन विमानासारख्या मोडवर टाका, वीतभर अंतरावर ठेवा, बटण दाबा आणि म्हणा, "आजी, तुमच्या वेळी दळताना काय म्हणायचात?" सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यातही मिळेल. परतीचं तिकीट मात्र ठरलेलं असतं.

काही अडलं तर पुढच्या कार्यक्रमात साउंडच्या टेबलापाशी या. चहा तुमचा, सल्ला आमचा!